साधी, मोकळी इलेक्ट्रिक पिकअप: कोकणात कोण घेईल?

कातळावरचा

नमस्कार मंडळी. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत स्लेट नावाच्या नव्या कंपनीने एक छोटी इलेक्ट्रिक पिकअप दाखवली. जेफ बेझोसचेही पैसे आहेत म्हणे त्यात. पण मला भुरळ पडली ती गाडीत जे नाही त्याची. स्क्रीन नाही, रेडिओ नाही, काचा हाताने फिरवायच्या. रंगसुद्धा नाही! बाहेरचे पॅनेल करड्या प्लास्टिकचे, ज्याला रंग हवा त्याने वरून फिल्म चिकटवावी. सीटा दोनच. पुढे कधी वाटलं तर किट घेऊन हौद्यावर टप चढवायचा, मागे बाक बसवायचा आणि पाच माणसांची गाडी करायची. बॅटरी ५२.७ युनिटांची, एका चार्जला साधारण २४० किमी.

ती इथे येणार नाही हे मला कळतं. पण कल्पना आपल्याच गावासाठी केल्यासारखी वाटली. आमची गुहागर तालुक्यात कलमं, थोडी सुपारी आणि पर्यटकांसाठी दोन खोल्या. फेब्रुवारी ते मे आंब्याचे क्रेट. जूनमध्ये खत आणि रोपं. मग गणपती. दिवाळीनंतर पाहुण्यांच्या बॅगा, गाद्या, गॅस सिलिंडर. दरवेळी कुणा तरी टेम्पोवाल्याला फोन लावायचा आणि तो "येतो" म्हणाला की अंगणात येरझाऱ्या घालायच्या.

तर प्रश्न असा: अशी एकच साधी बिजलीवरची गाडी, आणि हंगामाप्रमाणे मागचा हौदा बदलायचा, हे कोकणात चालेल का? तुम्ही काय ठेवाल, काय काढून टाकाल?

भरती_ओहोटी

वाचतोय. फणसाचे गरे घेऊन बसलोय.

चिरेखाण

अमेरिकेला छोटा हत्ती सापडला, अभिनंदन! :)

दादा, ह्यात नवीन काय? टाटा एस २००५ साली आली तेव्हापासून आपण हेच करतोय. नुसती केबिन आणि चासी घ्यायची नि बॉडीवाल्याकडे न्यायची. चेकर प्लेटचा तळ, फाळक्याला बिजागऱ्या, ताडपत्रीला कमानी, दोरीला हुक. कुणाला जाळी हवी, कुणाला टाकी, कुणाला आइस्क्रीमची पेटी. त्यांच्याकडे ह्याला 'कस्टमायझेशन' म्हणतात, आमच्याकडे "जरा वेल्डिंग करून घेतलं" म्हणतात.

बांगडा_फ्राय

चिरेखाण, बॉडीवाल्याने बांधलेला तो चेकर प्लेटचा तळ मासळीच्या गाडीत किती टिकतो ते विचारा मला. आमचा धंदा मासळीचा, हर्णैच्या लिलावातून माल उचलून दापोली-खेडकडे. उन्हाळ्यात जेवढी मासळी जवळजवळ तेवढा बर्फ घालावा लागतो, म्हणजे ६०० किलोच्या गाडीत विकायचा माल ३००. उरलेला अर्धा भार वाटेत पाणी होऊन जातो आणि ते पाणी असतं खारट. आधी तळाच्या सांध्यात शिरतं, मग हौदा चासीला धरणाऱ्या बोल्टात. वरून रेडऑक्साइड मारा, डांबर मारा, आतून खातच राहतं. रस्त्यावर गाड्यांमागून पाण्याची धार जाते, ते पाणी मागच्याच्या गाडीला लागतं. किनाऱ्यावर वारा खारा तो वेगळाच.

म्हणून मला त्या अमेरिकन गाडीत एकच गोष्ट आवडली. ते करडं प्लास्टिक. रंग नाही म्हणजे रंग उडायचा नाही, पत्रा नाही म्हणजे फुगे यायचे नाहीत. ओरखडा पडला तर पडला. पण चासी लोखंडाचीच ना? मला विचाराल तर काचा हाताने फिरवा की पायाने. हौद्याचा तळ एकसंध फायबरचा द्या, त्याला मागच्या बाजूला उतार द्या, नळीने पाणी खाली डब्यात जमा होऊ द्या. आणि तो तळ चार बोल्ट काढून वर उचलता आला पाहिजे, म्हणजे १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते तेव्हा खालची चासी घासून रंगवता येईल. हे कुठली कंपनी विचारात घेते?

कातळावरचा

बांगडाताई, हाच प्रतिसाद हवा होता. उचलता येणारा तळ वहीत नोंदवला.

ओहम_शांती

थोडा विरोधी सूर लावतो, हलके घ्या.

हाताने फिरवायच्या काचा म्हणजे साधेपणा नव्हे. तो स्वस्तपणा आहे, आणि तोही चांगलाच आहे, पण बटणाच्या काचेची मोटर बिघडली म्हणून गाडी कधी रस्त्यात थांबली नाही. इलेक्ट्रिक गाडी थांबते ती दुसऱ्याच कारणांनी: बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, मोटर चालवणारा कंट्रोलर, आतला चार्जर. हे सगळे सीलबंद डबे. डिझेलचा टेम्पो लांज्याच्या चढावर बंद पडला तर शेजारचा गॅरेजवाला नोझल खोलून बघतो, फिल्टरमधली हवा काढतो, दोन शिव्या घालतो आणि गाडी चालू होते. इलेक्ट्रिकचा डबा त्याला उघडताच येत नाही. उघडला तरी आतला कोड वाचायला कंपनीचा लॅपटॉप लागतो. मी ह्याच क्षेत्रात दुरुस्तीचं काम करतो, आमच्याकडे आलेल्या तीनचाकी गाड्यांतल्या बऱ्याच फक्त एका ओल्या कनेक्टरमुळे अडलेल्या असतात. पिन हिरवी पडलेली, तिचा पांढरा चुरा झालेला. काम पाच मिनिटांचं, पण गाडी कोल्हापूरला पाठवावी लागते कारण हात लावला तर वॉरंटी जाते.

मला साधी गाडी द्यायची तर बिघाडाचा कोड डॅशबोर्डवर आकड्यात दाखवा, त्या आकड्यांचा तक्ता मराठीत पुस्तिकेत छापा आणि कनेक्टर बाजारात सुटे मिळू द्या. मग काचा हव्या तर बटणाच्या ठेवा.

तिरफळ

+१०० ओहम_शांती.

आजोळ_वेंगुर्ला

गाडी खयंय गावता. आंब्याच्या दिवसात डायवर खय गावता ता आधी सांगा.

भरती_ओहोटी

वरच्या प्रतिसादावर धागा बंद करायला हरकत नाही.

घाटवाट

कुणी घाटाचा विषय काढला नाही म्हणून मीच काढतो. आपल्याकडे माल कोल्हापूरला गेला की चढ आलाच, मग तो आंबा घाट असो, करूळ असो की फोंडा. लोक म्हणतात इलेक्ट्रिक चढणार नाही. चढते, उलट डिझेलपेक्षा आरामात चढते, कारण मोटरची ओढ पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण असते. प्रश्न बॅटरीचा आहे.

शाळेतला हिशोब करा. भरलेली गाडी २ टन, चढ ६०० मीटर. नुसतं वर उचलायलाच सव्वातीन युनिट लागतात, वाया जाणारं धरून चार. २०२२ साली आलेल्या टाटाच्या इलेक्ट्रिक एसची (एस ईव्ही) बॅटरी २१.३ युनिटांची. म्हणजे बॅटरीचा पाचवा हिस्सा फक्त उंची चढण्यात गेला, अंतर कापायचं ते वेगळं. रत्नागिरीहून कोल्हापूर १३० किमीच्या आसपास. कागदावर १५४ किमीची गाडी, तीही भरलेली, वर घाट. मी तरी हा प्रवास करणार नाही.

उतरताना ब्रेकच्या जागी मोटरच जनरेटरचं काम करून वीज परत बॅटरीत भरते. खर्चाच्या निम्मी परत आली तरी खूप. त्यात एक गंमत. आंबोलीला राहणारा माणूस रात्रभर चार्ज करून सकाळी सावंतवाडीला उतरायला लागला तर बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली, परत आलेली वीज ठेवणार कुठे? मोटरचा तो ब्रेक मिळत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावरच्यांनी ८०-८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवावं.

चिरेखाण

घाटवाट, तुम्ही २ टनात गणित मांडलंत, इथे २ टनावर थांबतो कोण? एक जांभा चिरा ३० किलोच्या पुढे, ६०० किलोत पंधरा-वीस चिरे. तेवढ्यात न्हाणीघराची एक भिंत होत नाही.

घाटवाट

म्हणूनच चिऱ्याला ही गाडी नाही. चिऱ्याला ट्रकच.

हिशोबनीस

किमतीचं कुणी बोलत नाही. स्लेटवाल्यांनी सुरुवातीला २० हजार डॉलरच्या आत असं सांगितलं होतं, पण ते तिथल्या सरकारच्या साडेसात हजारांच्या करसवलतीच्या जोरावर. ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, त्यामुळे मग पंचवीस हजारांच्या आसपासचं बोलणं सुरू झालं. आपल्या पैशात वीस लाखांच्या वर. तेवढ्यात इथे तीन गाड्या येतील.

आपल्याकडे बघा. टाटाची एस प्रो जून २०२५ मध्ये बाजारात आली तेव्हा पेट्रोलची सुरुवात ३.९९ लाखाला आणि इलेक्ट्रिकची ६.५० लाखाला. भार दोघींचा ७५० किलो, इलेक्ट्रिकची बॅटरी १४.४ युनिटांची. महिंद्राची इलेक्ट्रिक झिओ ऑक्टोबर २०२४ मध्ये साडेसात लाखांपासून. नंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकवरचा आधीच ५ टक्के होता. म्हणजे पेट्रोल-डिझेलची गाडी स्वस्त झाली आणि इलेक्ट्रिकची तिथेच राहिली. अडीच लाखांच्या वर गेलेला फरक भरून निघायला गाडी रोज पळाली पाहिजे. कातळावरचा, तुमची गाडी जून ते ऑगस्ट पडवीत उभी राहणार. तुम्हाला जमणार नाही हा हिशोब.

कातळावरचा

हिशोबनीस, पटतंय आणि पटत नाहीये. रोज पळणारी गाडी हवी हे खरं. पण माझ्यासारख्यांचा खर्च डिझेलचा नाहीच, तो वाट बघण्याचा आहे. पिकलेला आंबा टेम्पोवाल्यासाठी थांबत नाही. आणि म्हणूनच हौदा बदलण्याचं म्हणतोय, एकाच गाडीला बारमाही काम मिळालं तर ती रोज पळेल.

वकिलीणबाई

हौदा बदलण्यावर जरा थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं स्पष्ट केलं. ताडपत्री, कमान, सुटे क्रेट, बोल्टने लावलेली पेटी ह्यांना सहसा कुणी काही म्हणत नाही, पण टप चढवून मागे बाक बसवून माणसं बसवलीत तर ते वेगळंच वाहन झालं. मालवाहू गाडीच्या हौद्यात बसलेल्या माणसाचा अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकाच्या गळ्यात येते. गणपतीच्या दिवसांत हे रोज डोळ्यांनी दिसतं.

आता गोड बातमी. बॅटरीवरच्या मालवाहू गाडीला ऑक्टोबर २०१८ पासून परमिट लागत नाही. आणि नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निकालानंतर साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का लागत नाही. म्हणजे आजोळ_वेंगुर्ला यांचा 'डायवर खय गावता' हा प्रश्न निम्मा सुटला. घरातल्या कुणीही चालवा. फिटनेस मात्र करत राहावं लागतं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

आजोळ_वेंगुर्ला

घरातली पोरां मुंबैक. निम्मो रवलेलो प्रश्न तोच.

रापणकार

विषयांतराबद्दल माफी, पण हौद्यात गणपती म्हटल्यावर राहवेना. आमच्या वाडीचा गणपती शाळेपासून हौद्यातूनच येतो. खाली पेंढा, वर गादी, बाजूला दोघं मूर्तीला धरून, आणि ड्रायव्हरला दर खड्ड्याला शिव्या. मागच्या वर्षी कुणीतरी इलेक्ट्रिक तीनचाकी आणली होती. आवाजच नाही! ढोलकी आणि झांजा इतक्या स्वच्छ ऐकू येत होत्या की म्हातारेकोतारे खूश. एक कुत्रा मात्र गाडीखाली जाता जाता वाचला, त्याला काही ऐकूच आलं नाही.

तिरफळ

दशावतारी कंपन्यांना पण बरी पडेल. पेटारे, पडदे, बॅटरीवरच लाइट.

रापणकार

आणि राजाला मागे उभं केलं की वकिलीणबाई नोटीस पाठवणार.

वकिलीणबाई

राजाला पाठवत नाही. संकासुराला पाठवीन. :)

गडगा

रुंदी कुणी पाहिली का? स्लेट पावणेदोन मीटरच्या वर रुंद आणि साडेचार मीटरला जरा कमी लांब. आमच्या वाडीतली वाट दोन गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) मधली, तिथे बोलेरो पिकअपचे आरसे मिटून घ्यावे लागतात. एस दीड मीटर रुंद, म्हणून ती घरापर्यंत येते. जपानमधले केई ट्रक बघा, कायद्यानेच ३.४ मीटर लांब आणि १.४८ मीटर रुंद, इंजिन ६६० सीसीच्या आत, भार ३५० किलो, तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडतात. तिकडचा शेतकरी ती भाताच्या बांधावरून नेतो. कोकणाला अमेरिकेची नको, ती मापाची हवी. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीत शिरताना पण कळतं, लहान गाडीला कोपऱ्यात जागा मिळते आणि मोठी पुढच्या फेरीला थांबते.

पाववाला

इतका वेळ नुसता वाचत होतो. माझ्याकडे चारचाकी इलेक्ट्रिक आहे, कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, उगाच वाद नको. बेकरीचा माल कुडाळहून मालवणकडे, वाटेतली दुकानं करत. पहाटे निघायचं, दुपारपर्यंत परत. ह्या कामाला बिजलीवरची गाडी म्हणजे सोनं आहे. अंतर ठरलेलं, भार हलका (पावात हवाच जास्त), दर पाच मिनिटांनी थांबा, आणि थांबताना वीज थोडी परत. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर रात्री लावतो. ताशी तीन-सव्वातीन युनिट जातात, रिकामी बॅटरी सकाळपर्यंत भरते. डिझेलच्या गाडीला जो महिन्याचा इंधनाचा खर्च होता त्यात आता हप्त्याचा मोठा भाग निघतो.

माझ्या गाडीला बदल काय केले, तर कातळावरचा यांच्या प्रश्नाचं उत्तर देतो. मागे अॅल्युमिनियमचे रॅक, ते बोल्टवर. रविवारी रॅक काढतो आणि भावाच्या नर्सरीची रोपं नेतो. वेल्डिंग मुद्दाम केलं नाही, कारण इलेक्ट्रिक गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरी तोडून ठेवावी लागते, नाही तर कंट्रोलर जातो. तालुक्याच्या वेल्डरला हे ठाऊक नसतं. चिरेखाण, "जरा वेल्डिंग करून घेतलं" इथे महागात पडेल हो.

वाईट बाजू: पावसाळ्यात वीज. जून लागला की झाड पडलं, तार तुटली, रात्रभर अंधार. सकाळी गाडी चाळीस टक्क्यांवर आणि पाव तयार. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या काही गावांत वीज यायला आठवडे गेले, आमच्याकडे तौक्तेला मे २०२१ मध्ये कसं झालं ते सगळ्यांना आठवतच असेल. म्हणून जुनी डिझेल मी विकली नाही.

बांगडा_फ्राय

पाववाले, तुमचा प्रतिसाद वाचून हेवा वाटला. पाव खारट नसतो ना.

हिशोबनीस

पाववाल्यांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. रोज पळते म्हणून परवडते. आणि तरी दुसरी गाडी दारात ठेवावी लागली.

ओहम_शांती

दुसऱ्या गाडीऐवजी छतावर सोलर? पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे. उन्हाळ्यात दिवसाला १२ युनिटांच्या आसपास निघतात. पण दोन अडचणी. एक, ज्या दिवसांत वीज जाते त्याच दिवसांत ऊनही नसतं. दोन, साधी ऑनग्रिड सोलर, म्हणजे विजेच्या लाइनला जोडलेली, लाइन गेली की आपोआप बंद होते, तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी. बॅटरीवालं हायब्रिड घेतलंत तरच उपयोग, आणि त्याची किंमत हिशोबनीस यांना विचारू नका.

घाटवाट

मग पाण्याचं? चिपळुणात २२ जुलै २०२१ ला उभ्या गाड्या बुडाल्या. आयपी-६७ लिहिलेलं असतं बॅटरीवर.

ओहम_शांती

आयपी-६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. चाचणी नव्या डब्यावर आणि गोड्या पाण्यात. खाडीचं पाणी, चिखल आणि पाच वर्षं जुना रबरी सील ह्यांची हमी त्यात नाही. पुराची सूचना आली की गाडी सड्यावर (उंचावरच्या कातळावर) नेऊन ठेवा, मग ती डिझेलची असो की बिजलीवरची.

कातळावरचा

सगळ्यांचे आभार. माझा कल आता असा: एसच्या मापाची सेकंडहँड इलेक्ट्रिक, वेल्डिंग अजिबात नाही, फायबरचा उचलता तळ, बोल्टवरची जाळी आंब्यासाठी आणि सपाट फळी बाकीच्यासाठी. कोल्हापूरचा माल पूर्वीप्रमाणे ट्रान्सपोर्टनेच. गाडी फक्त बाग, बंदर, स्टेशन आणि घर. ओहम_शांती, जुनी घेताना काय बघू?

ओहम_शांती

बॅटरी पूर्ण भरून तुमच्याच रस्त्यावर, तुमच्याच वजनाने चालवून बघा आणि किती टक्के उतरली ते लिहा. मीटरवरचे 'उरलेले किमी' विसरा. चार्जिंग सॉकेटची पिन टॉर्च लावून बघा, हिरवट असेल तर भाव पाडा. बॅटरीची वॉरंटी नव्या मालकाच्या नावे होते का ते कंपनीकडून लेखी घ्या.

आणि गाडीच्या आधी घराचं अर्थिंग तपासा. तुम्ही नावाप्रमाणे खरंच कातळावर असाल तर हेच अडेल. बरेच चार्जर अर्थिंग कच्चं दिसलं की लाल दिवा लावून बसतात, चार्जच करत नाहीत, आणि जांभ्यात रॉड ठोकून अर्थिंग मिळत नाही. माती असलेली जागा शोधा, परसात माडाच्या आळ्याजवळ चालेल. तिथे खोल खड्डा, मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती), आणि तिथून जाड तार घरापर्यंत.

पाववाला

आणि एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी. माझी गाडी एका मे महिन्यात रोज रात्री रुसायची, ती त्यानेच ताळ्यावर आली.

आजोळ_वेंगुर्ला

आमच्या बावडेत मे म्हयन्यात तितक्या पाणी नाय.